मे महिन्यात धावपट्टी आखूड होते

तक्त्यात दोन रकाने : सद्यस्थिती, प्रस्तावित.
नगरपरिषदेनं मला पुढची वीस वर्षं लिहायला सांगितलीत,
मुदत सोमवारपर्यंत.

म्हणून सकाळी सहालाच टेप, खुंट्या, फक्कीची पिशवी
आणि टेंभुरखेडा धावपट्टीचा एकुलता एक कर्मचारी
सुकरू उईके,
टेप उलगडायच्या आधीच सांगतो,
"बाराशे मीटर. पन मे महिन्यात कमी भरते, म्याडम."

मी हसले.
मग नागपूरच्या सल्लागाराच्या पुस्तिकेत, पान छत्तीसवर, तेच सापडलं :
तापली की हवा विरळ होते,
पंखांना धरायला काही उरत नाही,
उडायला जास्त जमीन लागते.
सत्तेचाळीस अंशांवर आमचे बाराशे
जेमतेम नऊशेच्या लायकीचे.
तुम्हाला कसं कळलं, सुकरूभाऊ?
"हिवाळ्यात सातव्या दगडापाशी उचलते.
उन्हाळ्यात अकरावा दगड येऊन जाते
तरी चाकं खालीच. इंजन रडते नुसतं."

रजिस्टर : गेल्या वर्षी चौदा विमानं.
दहा पुढाऱ्यांची, तीन फ्लाइंग क्लबच्या पोरांची,
एक वाट चुकलेलं.
पंधरावं रात्री आलं होतं, दोन घिरट्या घालून गेलं.
दिवे नव्हते.
खाली अ‍ॅम्ब्युलन्समध्ये निनावे गुरुजी होते.
जे उतरलंच नाही त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची,
सुकरूनं तेव्हा कचेरीला विचारलं होतं.
उत्तर अजून यायचंय.
मी लिहिते, रात्रीचे दिवे, सद्यस्थिती : निरंक.

प्रस्तावित : पूर्वेकडे चारशे मीटर वाढ.
पूर्वेकडे नाला आहे, नाल्यापलीकडे टेंभराची सहा झाडं,
आणि तिसऱ्या खुंटीच्या जागी टिटवीची चार अंडी,
गिट्टीत गिट्टीसारखी.
"खुंटी हातभर सरकवा."
सरकवली.
वीस वर्षांच्या सरळ रेषेत एक हाताचा बाक आला,
नकाशात तो दिसणार नाही.

प्रस्तावित : संरक्षक भिंत, उंची आठ फूट.
सद्यस्थिती : बोराटीचं कुंपण,
त्यातून रोही येतात, डुकरं येतात,
वाळवणाचं सोयाबीन येतं पोत्यापोत्यानं,
आणि पाच वाजता मेश्रामांचा प्रज्वल येतो, अनवाणी,
भरतीचे सोळाशे मीटर मोजत.
बाराशे सरळ, मग वळून चारशे.
वळताना दोन सेकंद जातात, म्हणतो.
चारशे वाढले तर बरोब्बर पुरेल, एका दमात,
मी त्याला सांगून बसले,
आणि मग भिंत आठवली.

दुपारपर्यंत डांबर मऊ झालं, टेप तापून हाताला लागेना.
आम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो,
कारण प्रतीक्षालय प्रस्तावित आहे.
सुकरूच्या डब्यात ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी.
तो मार्चमध्ये निवृत्त होतोय.
त्याची जागा कुठल्याच रकान्यात नाही,
मी दोनदा पाहिलं.

शेवटची बाब, वाऱ्याची पिशवी.
मूळची कधीच फाटली.
खांबावर जी आहे ती सुकरूच्या बायकोनं शिवलीय,
कुण्या दौऱ्यानंतर उरलेल्या भगव्या फलकाची.
वारा भरला की त्यावर 'हार्दिक' वाचता येतं,
'स्वागत' शिवणीच्या आत गेलंय.

"काय लिहू?"
तो उठला, कपाळावर हात धरून वर पाहिलं.
पिशवी लोंबकळत होती, मग हलली,
मग नाल्याकडून काहीतरी आलं
आणि ती पोट फुगवून आडवी झाली.
"चालू हाये लिहा."

मी लिहिलं : सद्यस्थिती, कार्यरत.
प्रस्तावितचा रकाना तेवढा एक
कोरा ठेवला.